सर्जरीला नंबर लागला

आप्पा, एम.एस. सर्जरीला माझा नंबर लागला. उद्या संध्याकाळपर्यंत कॉलेजात हजर व्हायचं, नाहीतर जागा जाते. कॉलेज लांब आहे, परभणीहून थेट गाडीही नाही. आई पलीकडच्या खोलीत माझ्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी कोंबतेय आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी इथं तुम्हालाच लिहीत बसलेय. कारण खरं सांगायचं तर मला उद्या जावंसं वाटत नाही. तीनदा प्रवेशपरीक्षा दिली, त्यात हौस कधी संपली ते कळलंच नाही. आता नुसता थकवा उरलाय.

सोनपेठला तुमच्या जनावरांच्या दवाखान्यात सोमवारी गर्दी असायची. आपल्या लोकांत सोमवारी बैल जुंपत नाहीत, महादेवाचा वार. मग बैल रिकामाच आहे तर दाखवून आणू, म्हणून आठवडाभर लांबवलेले फोड, खूर, शिंगं घेऊन सगळे त्याच दिवशी दारात हजर. शाळेला काही सोमवारची सुट्टी नव्हती, पण माझं पोट सोमवारी हमखास दुखायचं. तुम्ही ओळखून होतात. त्यातला एक दिवस मला अजून लख्ख दिसतो. जनावर अडकवायच्या खोड्यात एक पांढरा बैल उभा आहे, त्याच्या शिंगाला कॅन्सर झालाय. तुम्ही भूल देऊन तारेच्या करवतीनं शिंग कापताय, मी चिमटा घेऊन शेजारी उभी, आणि रक्ताची चिळकांडी थेट माझ्या फ्रॉकवर येते. मी तोंड फिरवते. "रक्ताकडं काय बघायलीस," तुम्ही ओरडता, "ते कुठनं यायलंय ते बघ!" मी रडत रडत बघितलं आणि ती बारीकशी नस मला दिसली. बैलाचा मालक म्हणाला, "डॉक्टरसाब, पोरगी लय धीराची हाय." धीर कसला, हातात चिमटा होता म्हणून डोळे पुसता येत नव्हते. हात धुताना तुम्ही हळूच म्हणालात, "दमलीस का? जा घरी, मी बघतो." मी गेले नाही. तुम्ही दर वेळी जा म्हणायचात, म्हणूनच बहुतेक मी थांबत असेन.

एमबीबीएसच्या इंटर्नशिपला आमच्या सर्जरीच्या मॅडमनी माझा टाका बघितला आणि कुणी शिकवलं म्हणून विचारलं. वडिलांनी, म्हटलं. कुठं ऑपरेशन करतात ते? सोनपेठला, बैलांची. त्या इतक्या हसल्या की त्यांचा मास्क खाली आला. "मग माणसं सोपी जातील तुला, लाथ तरी मारत नाहीत." पुढं त्यांनी परभणीत स्वतःचं हॉस्पिटल काढलं. मी तेव्हा बोरीजवळच्या आरोग्य केंद्रात लागले होते आणि सुट्टी मिळाली की त्यांच्या ऑपरेशन थिएटरला पळायचे. पहिल्या वेळी परीक्षेत आपटले तेव्हा त्यांनीच दार बंद केलं. "तुझा हात चांगला आहे, पण त्या परीक्षेत हाताला मार्क नाहीत. यायचं बंद कर आणि प्रश्न सोडव." फार लागलं मला ते. तुमच्याकडून जे घेऊन मी मोठी झाले ते तिथं कुणी बघणारच नव्हतं. संगणकापुढं बसायचं आणि चारातला एक पर्याय निवडायचा, बस.

दुसऱ्या वेळी मार्क बरे पडले, तर मी वेगळाच घोळ घातला. कॉलेजांची पसंती भरताना ज्या गावाला परभणीहून थेट रेल्वे जाते तेवढीच कॉलेजं भरली. आई एकटी, तिला डबा घेऊन येता-जाता आलं पाहिजे, गाडी बदलायला नको. स्टेशन बघून सर्जरी निवडणारी मी एकटीच असेन. मार्कांच्या यादीत माझ्या मागचा एक मुलगा दूरच्या कॉलेजात सर्जरीला लागला आणि मी घरी. आईला हे कळलं तेव्हा ती चिडली. "मला काय गाडी बदलता येत न्हाई व्हय? तुज्या बापाच्या मागं साऱ्या तालुक्यात हिंडले मी!"

या खेपेला नवीन काही वाचलं नाही. दुपारची ओपीडी संपली की जुने प्रश्न सोडवायचे आणि चुकलेलं उत्तर रोज एका मैत्रिणीला फोनवर समजावून सांगायचं. समजावताना अडखळलं की कळायचं, आपल्यालाच आलेलं नाही. पसंती भरताना नकाशा बघितला नाही. परवा यादी लागली तेव्हा बोरीची नर्सबाई पेढे आणू का म्हणून विचारत होती आणि मला नुसतं आडवं व्हावंसं वाटत होतं. पुढची तीन वर्षं काय असतात ते मॅडमनी सांगितलंय. झोप नाही, शिव्या खायच्या, आणि बरोबरची मुलं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान.

आईनं मघाशी दारात उभं राहून विचारलं, "खूश हायस न्हवं?" मी हो म्हटलं. ती चटणीचा डबा परत घट्ट लावायला गेली.

आप्पा, तुम्ही असतात तर मी आज तुमच्याजवळ बसून एवढंच म्हटलं असतं, की नको वाटतंय. आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला असतात, मग नको जाऊस. दवाखान्यात तुमचं 'जा घरी' कधी ऐकलं नाही, पण आज ऐकलं असतं, मी गेले नसते. तुमचा शब्द धरून आयुष्यभर बोरीलाच राहिले असते. आता विचारायला कुणी नाही, म्हणून सकाळच्या एसटीनं निघतेय. तुम्ही नाहीत ते बरं झालं, असं आज पहिल्यांदा माझ्या मनात आलं. हे तुम्हाला कळू नये, म्हणून हा कागद तुमच्या फोटोपाशीसुद्धा ठेवणार नाही.