वाळलेला कळक

आदरणीय आबा,

सविनय जयभीम. डेहराडूनला थंडी आहे, पण आईनं दिलेली वाकळ पुरते. जेवणही बरं आहे. आईच्या गुडघ्याला तेल लावता ना?

रविवारी फोनवर तुम्ही हसत सांगितलंत, "सॅटेलाइटवरनं बघून कुण्या येड्यानं कळवलं, आपल्या रानात तोड झालीया! शेजारच्या केरबाला दिवसभर फॉरेस्टच्या चौकीवर बसवलं की. कोयताबी ठेवून घेतला." मी नुसतं "हो का" म्हणाले. आबा, कळवणारी मीच होते.

इथल्या ऑफिसात आम्ही जंगलाचे दर महिन्याचे सॅटेलाइट फोटो ताडून बघतो. आमच्या नकाशावर 'बांबू' लिहिलेला, आपल्या कळकाच्या बेटांचा हिरवा पट्टा या खेपेला तपकिरी दिसला आणि मी त्यावर 'तोड' अशी खूण केली. कळक फुलला की बेटंच्या बेटं उभ्यानं वाळतात, हे शाळेत जायच्या आधी तुम्हीच मला रानात नेऊन दाखवलं होतंत. त्या दिवशी ते आठवलंच नाही. तुम्हाला एक फोन केला असता तरी पुरलं असतं.

काल साहेबांना लेखी दिलं, की चूक माझी आहे. कोयता परत देण्यासाठी ते तिकडं कळवणार आहेत. तोवर केरबाकाकांच्या कळकाच्या बुट्ट्या कशा होणार, हेच मनात येतं. माझ्या नोकरीचं काय होईल ते ठाऊक नाही. आईला एवढ्यात सांगू नका.

केरबाकाकांना वाचता येत नाही. हे पत्र त्यांच्या घरी जाऊन तुम्हीच वाचून दाखवा. वाचताना माझं नाव गाळू नका.

तुमची,
संघमित्रा