डमीची डावी बाजू

ती. वहिनींना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहायचं म्हणून लिहिलं. गुडघ्यांमुळे आठातली चार-पाच अंगंच वाकतात, तेवढी गोड मानून घ्या.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुमची तब्येत विचारली की तुम्ही "ठीक" म्हणता आणि दादाला विचारली की तो नुसता खोकतो, म्हणून या खेपेला विचारतच नाही. माझंच सांगते.

मी शिकवणीला जाते. हसू नका. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता नवीन काय निघतंय ते बघावं म्हटलं. शिकवणाऱ्या बाई माझ्या सुनेपेक्षा लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांचे टेप गोळा करून कपाटात ठेवले. म्हणाल्या, मापं नकोत, चित्रंही नकोत. कागद घ्या, मनाला येईल तो आकार कापा, डमीवर टाचण्यांनी लावा आणि त्याचं काय होतंय ते बघत राहा. गळ्यात टेप नाही म्हटल्यावर मी तासभर कुणीतरी दागिने काढून घेतल्यासारखी उभी होते.

घरी सराव हवा म्हणून बंद होणाऱ्या एका दुकानातून जुनी डमी आणली. डोकं नाही, हात नाहीत, कमरेखाली नुसता दांडा. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, सीटवर बसवलीत तर तिकीट पडेल. मग मांडीवर घेतली. समोरच्या बाई उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. घरी ब्राउन पेपर संपला की मी वर्तमानपत्राला हात घालते, तोही हे उठायच्या आत, त्यामुळे हल्ली हे चहाचा कप घेऊन डमीभोवती फिरत बातम्या वाचतात. एकदा अग्रलेखाचा शेवट बाहीच्या आत गेला होता, तर बाही वर करून वाचला. (डमीची माफी मागून. मी ऐकलं.)

आकारांचं काय सांगू? शंकू केला, तो दिव्याच्या शेडसारखा दिसायला लागला. गोल कापून मध्ये भोक पाडलं, तर टेबलक्लॉथ. मग पंख्यासारख्या चुण्या घालून खांद्यावर बसवल्या, तेव्हा हे बराच वेळ बघून म्हणाले, "नुसतं बसलंय, की उडणार आहे?"

मग एका दुपारी मी पाव कापायची सुरी घेतली आणि डमीची डावी बाजू छातीपाशी कापून सपाट केली. हे दारातच उभे होते. केरसुणी आणली आणि खाली पडलेला फोम झाडून घेतला.

वहिनी, रागावू नका. तुम्ही लग्न होऊन आमच्या घरी आलात तेव्हापासून माझ्या हातचा एकही कपडा चूक काढल्याशिवाय घातला नाहीत. काखेत ओढतंय, गळा पुढे पडतोय, ही बाही नक्की कुणाच्या हाताची आहे! मी खरं तर त्यावरच शिवण शिकले. (हे कधी कबूल केलं नव्हतं, करणारही नव्हते.) ऑपरेशननंतर मी दोन ड्रेस पाठवले, तर फोनवर म्हणालात, "छान आहेत हो." मी फोन ठेवला आणि घाबरले. मागाहून दादाने सांगितलं, दोन्ही कपाटात पडून आहेत, तुम्ही त्याचेच शर्ट घालता आणि फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. चूक माझीच. डाव्या बाजूला कापूस भरायचा आणि दोन्हीकडे सारखं दाखवायचं, एवढंच मला सुचलं होतं.

सपाट बाजूवर कागद वेगळाच वागतो. मी अर्धगोल कापला, डाव्या खांद्यावर टाचला आणि हात काढून घेतला. तो सरळ खाली न येता तिरका उजव्या कमरेकडे गेला आणि वाटेत त्याच्या आपोआप चुण्या पडल्या. काही लपवलंय असं कुठूनही वाटेना. मी खुर्ची ओढून समोर बसले. कुकरच्या शिट्ट्या ह्यांनी मोजल्या.

डमी तशीच वर्गात नेली. बाईंनी चहूकडून पाहिली, कापलेल्या जागेवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "कुणासाठी आहे हे?"

"माझ्या भावजयीसाठी."

"मग आता त्यांना आणा. डमीचं काम संपलं."

असो. दादाला आशीर्वाद मागितलाय म्हणून सांगा. पथ्यपाणी सांभाळा.

तुमची शिंपीणबाई
(नाव तुम्हीच ठेवलंत, आता निस्तरा.)

ता. क. शिकवणीची हकीकत सांगायला एवढी शाई घालवली नाही. रविवारी या. दादाला आणि ह्यांना मी बाहेर पिटाळते, खोलीत आपण दोघीच. कागद तुमच्या अंगावर लावून बघायचाय.

ता. क. (पुन्हा) टाचण्या भरपूर आहेत आणि माझा हात आता थरथरतो. डमीला कितीही टोचलं तरी ती गप्प असते. तुम्ही गप्प राहायचं नाही. ओरडा, भांडा, हात झटका, मला काही येत नाही म्हणा. "छान आहे" मात्र म्हणायचं नाही.