पुढच्या चाकाचा नट

कोपर, रविवार संध्याकाळ

दोन भंगार सायकलींची मिळून आज रेवाची एक सायकल झाली. पुढचं चाक माझ्या या नऊ वर्षांच्या लेकीने एकटीने बसवलं आणि थेट पुलाच्या उतारावरून फेरी मारून आली. नंतर मी नट तपासला. दोन बोटांनी फिरला.

"पाना नाही लावलास?"

"हातानेच फुल टाईट केलेला, आई! कंपनीत पण असेच डोळे वटारतेस?"

दोन बोटांनी. उतारावर चाक निसटलं असतं तर... पुढचं लिहवत नाही. कंपनीत एकही जोड न तपासता सोडत नाही मी. इथे का सोडला? ती खुश होती म्हणून?

ओरडले नाही. ओरडले असते तर तिने पुन्हा पाना धरला नसता. तिच्याकडूनच नट आवळून घेतला.

"उद्या क्लासला नेऊ?"

"ब्रेक बघायचेत अजून," मी म्हटलं.

ब्रेक मी मघाशी नटासोबतच पाहिलेत. उत्तम आहेत.