‘उजेडात’ची संपादिका

९ मार्च
काल महिला दिनाचं माझं भाषण. केज दणाणलं. विषय, स्त्रीची दृश्यता. मी म्हणाले, जी दिसत नाही ती मोजली जात नाही आणि जी मोजली जात नाही तिच्यासाठी कुणी दारही उघडत नाही. मागच्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या. (काही जणी बस पकडायला उठल्या होत्या, पण सगळ्या नाही.)

एक शब्द बोलायचा राहिला. लेस्बियन. समारोपात घेणार होते. पण प्रमुख पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता, त्या घड्याळ बघत होत्या. वेळेअभावी ‘इत्यादी’ म्हणाले. जाणकारांना कळलं असेल.

बबिताने व्हिडिओ पाहिला. म्हणाली, “म्हंजे मी इत्यादी हाय व्हय?”

बबिता म्हणजे माझी जोडीदार. इथं लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. खाली तिचं ब्लाऊज शिवण्याचं दुकान, वर आम्ही दोघी. घरमालकीण भामाबाईंना मावसबहिणी म्हणून सांगितलं आहे.

संकल्प. मासिक काढायचं. लेस्बियन बायकांचं लाइफस्टाइल मासिक, मराठीत, बीड जिल्ह्यातून. पुण्या-मुंबईने तोंडात बोट घालावं असं. नाव ठरलं: ‘उजेडात’.

१२ मार्च
अग्रलेख सुरू. प्राचीन ग्रीसपासून घेतलं आहे. बरीच पानं झाली, अजून ग्रीसमध्येच आहे. बबिता म्हणाली, “केजला कधी यायलीस? शेवटची गाडी जाईल.”

तिने विषय सुचवले. भाड्याने खोली बघायला दोघींनी जायचं की एकीने. दवाखान्यात ‘पेशंटच्या कोण?’ विचारलं तर काय सांगायचं. संक्रांतीला एकमेकींना वाण द्यावं का. जोडीदार घोरत असेल तर उपाय. (मी घोरत नाही.)

मी समजावलं की मासिकाला वैचारिक उंची हवी. ती म्हणाली, “मंग बायांनी काय स्टुलावर चढून वाचायचं का?”

विनोदबुद्धी चांगली आहे. चळवळीची समज हळूहळू येईल.

१९ मार्च
व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. ‘उजेडात परिवार’. सध्या सदस्य: मी, बबिता आणि माझा दुसरा नंबर. सुरुवात अशीच होते. जगातली प्रत्येक चळवळ आधी एका खोलीत होती.

ग्रुपच्या माहितीत ‘लेस्बियन’ लिहिलं होतं. मग वाटलं, लिंक चुकून मी शिकवते त्या कॉलेजच्या स्टाफकडे गेली तर? ‘महिलांसाठी, महिलांचं’ असं केलं. आशय तोच.

२६ मार्च
ग्रुप भरला! बबिताच्या गिऱ्हाईक असलेल्या लिंबागणेशच्या छबुबाईंनी एकदम पंधरा-वीस जणी घेतल्या. रोज सकाळी गणपतीचे फोटो येतात. आज छबुबाईंनी विचारलं, पापडाची मशीन कधी मिळणार. त्यांना हा बचत गट वाटतो आहे. मी खुलासा केलेला नाही. समाज बांधताना आधी माणसं जमवावी, विचार मागाहून येतो.

बबिता म्हणाली, “सांग की सरळ. त्यातल्या दोघी-तिघी तरी निघतीलच.” मी म्हणाले, घाई नको.

३ एप्रिल
मुखपृष्ठ. बबिताकडे एक फोटो आहे. लिंबागणेशच्या देवळाच्या पायऱ्यांवर आम्ही दोघी, माझ्या हातात नारळाचा तुकडा, तिचं डोकं माझ्या खांद्यावर, दोघी कशाला तरी पोट धरून हसतोय. म्हणाली, “हाच टाक. याच्यापरीस काय लाइफस्टाइल असती?”

फोटो उत्तम आहे. म्हणूनच संपादक म्हणून मी भावनेच्या आहारी जाता कामा नये. सुचवलं की पाठमोरा फोटो काढू. चेहरा नसला की प्रत्येक वाचक तिथं स्वतःला पाहते.

ती म्हणाली, “कावून गं? माझं तोंड लई वाईट हाय का?”

तिला सौंदर्यशास्त्र समजावता समजावता भाजी करपली.

८ एप्रिल
पाठमोरा फोटो काढला. माझी वेणी ओळखू येते. दोन सावल्यांचा काढला. बबिताची सावली फारच बबितासारखी. दोन चपलांचे जोड काढले. एक भामाबाईंचा निघाला.

१० एप्रिल
मुखपृष्ठ नक्की. तुळशीवृंदावन. संयत, सूचक, मातीतलं. बबिता काही बोलली नाही. याचा अर्थ तिला पटलं.

१७ एप्रिल
मजकूर परवा छापायला दिला. बिभीषण लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं छापतो. त्याला सांगितलं होतं, महिलांचं आरोग्य आणि गृहसजावट. आज म्हणाला, “ताई, आमच्या मिसेसनं समदं वाचलं. म्हणली छान हाय. पण दोघी बायाच घरात म्हणल्यावर सैपाक कोण करतं, ते न्हाई लिव्हलं.”

मी लगेच त्याला सांगितलं, हे मैत्रीबद्दल आहे. तो म्हणाला, “बरं बरं. मैत्री तर मैत्री.” आणि हसला. कुत्सित हसला असावा. सोबत आलेल्या बबिताच्या मते साधाच हसला.

घरी येऊन ‘लेस्बियन’ हा शब्द सगळीकडून काढला. त्या जागी ‘सखी’. वाचताना आता जास्त लयबद्ध वाटतं.

१८ एप्रिल
बबिता चिडली आहे. म्हणते, अर्ध्या गल्लीला ठाऊक आहे. ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायका तिला विचारतात, “मॅडम जेवल्या का, मॅडमचा ताप उतरला का?” भामाबाईंनी तर परवा विचारलं म्हणे, “तुमच्या दोघींत भांडणं झाली तर कोण आधी बोलतं? आमच्यात म्या बोलते.”

अशक्य. मी किती काळजी घेते. रस्त्यात आम्ही चार हात अंतर ठेवून चालतो.

बबिता म्हणाली, “त्याच्यानंच कळलं लोकांला.”

२४ एप्रिल
सत्यमचं लग्न ठरलं! धाकटा भाऊ, म्हणजे माझंच काम. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. थोरल्या परमेश्वरदादाला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं आहे, त्यामुळे पुढारी येणार. दादाचा फोन आला. म्हणाला, “मोहिने, ते तुझं मासिक-बिसिक लग्नापुरतं आवर. मला तिकिटाचं बघू दे.” मी त्याला ठणकावणार होते की विचार गुंडाळून ठेवण्याची वस्तू नाही. पण रेंज गेली. तशी आधीपासूनच कमी होती.

पहिला अंक लग्नानंतर.

४ मे
आई येऊन गेली. साड्या घेऊन आली होती. बहीण-मेहुणे, काका-काकू, प्रत्येक जोडप्याला मंडपात माइकवर नाव पुकारून शेजारी शेजारी बसवून आहेर करतात, त्यासाठीच्या. त्यात दोन सारख्या. मोरपंखी. मी म्हणाले, या कुणाला? आई म्हणाली, “तुमच्या दोघींला. जोडीनं बसायचं. परमेसराला म्या सांगितलंय, तुला काय करायचं ते कर म्हणलं, आहेर माझा हाय.”

बबिता स्वयंपाकघरातून बाहेर आली ती हातातलं लाटणं तसंच धरून. आई तिला म्हणाली, “असं काय बघायलीस माय? सात वर्षं झाली, माझी लेक उपाशी न्हाई ठिवली तू. नाव न्हाई घेतलं कुणी तुझं, तेवढं राहिलंय.”

आईला शब्द माहीत नसतात, त्यामुळे ती काहीही बोलून जाते. बहुधा दुकानात दोन साड्यांची स्कीम असावी.

बबिता माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, बघू.

आई गेल्यावर ती म्हणाली, “मला मासिक नको, अंक नको. एवढ्या एका वेळंला माझं नाव घे. मंग तू जन्मभर ग्रीसमधी राहा.”

मी म्हणाले, नक्की. अगदी खणखणीत घेते. माइक माझ्याच हातात आहे. मनापासून म्हणाले. यात तिळमात्र खोट नाही.

१० मे, संध्याकाळ
बबिताने दोन्ही ब्लाऊज शिवले. स्वतःच्या पाठीला लटकन लावलं आहे, कधी लावत नाही. आरशासमोर उभी राहून विचारत होती, “आता चालतंय का, पुढाऱ्यांपुढं?” गाणंही म्हणत होती.

मी ओळ तयार केली आहे. ‘यानंतर आपल्या आशीर्वादाच्या अपेक्षेत, मोहिनी आणि तिची जोडीदार बबिता.’ दहा-बारा वेळा म्हटली. न्हाणीघरात आवाज फार छान घुमतो.

१२ मे
लग्न थाटात झालं. सूत्रसंचालनाची चर्चा सगळीकडे आहे. एका माजी आमदारांनी स्वतः येऊन विचारलं, प्रचाराला याल का.

आहेर झाले. काका-काकू, आत्या-मामा, सगळ्या जोड्या मी पुकारल्या. मग आई स्टेजवर आली, कानाशी म्हणाली, “आता तुमचं घे.” तिच्या हातात मोरपंखी दोन घड्या. समोर बबिता खुर्चीतून उठली. पदर सारखा केला. चालायला लागली.

पहिल्या रांगेत दादा. त्याच्या शेजारी भागवतराव, ज्यांच्या हातात तिकीट. दादा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, खाली मान घालून मोबाइल बघत होता. हे मी नमूद करते. दडपण होतं असं मी म्हणणार नाही.

मी श्वास घेतला. मी म्हणाले, “यानंतर... आमचा समस्त मित्रपरिवार!”

सत्यमचे सगळे दोस्त एकदम स्टेजवर चढले. वीस-पंचवीस पोरं. बँडवाल्यानेही एक तुकडा वाजवला. बबिता तोवर पायरीवर आली होती, मागे वळायला जागा नव्हती. आहेर वाटणारा घाईत होता. मित्रपरिवाराला देतात तसं टॉवेल-टोपी सगळ्यांच्या हातात कोंबत चालला होता. तिच्याही हातात दिली. फोटोग्राफर म्हणाला, “मॅडम, जरा आत सरका.” ती सरकली.

आई साड्या मांडीवर घेऊन बसली, ती पंगतीला उठलीच नाही.

शांतपणे विचार करता, झालं ते योग्यच झालं. ते लग्न होतं, व्यासपीठ नव्हे. दुसऱ्याच्या समारंभात आपला विषय घुसवणं ही हिंसाच. शिवाय ‘परिवार’ हा शब्द आलाच होता.

१३ मे
बबिता बोलत नाही. टॉवेल-टोपी टेबलावर तशीच. मी विनोद केला की टॉवेल बरा आहे, कामाला येईल. चुकीची वेळ निवडली.

१४ मे
बोलली. म्हणाली, “भाषणात इत्यादी केलंस, मी हसले. पुस्तकात तुळस केलीस, गप बसले. लग्नात पंचवीस पोरात उभी केलीस. आता मला कशात बसवणार हायेस?”

माझ्याकडे उत्तर होतं. बरंच सविस्तर होतं. ती ऐकायला थांबली नाही.

२० मे
बबिता नांदूरघाटला दुकान टाकते आहे. तिची आत्या भिवराबाई तिथं असते. म्हणाली, तिकडं गिऱ्हाईक चांगलं आहे. मी दुजोरा दिला. व्यवसायवाढ व्हायला हवी. मशीन छोट्या टेम्पोत चढवली. भामाबाई बाहेर येऊन रडल्या. एवढं रडण्यासारखं काय, मावसबहीण तर आहे.

जाताना बबिताला म्हणाले, पोचल्यावर फोन कर. ती म्हणाली, “बघू.”

२ जून
‘उजेडात’चा पहिला अंक आला. दोनशे प्रती. ऐतिहासिक दिवस. बबिताला फोन करणार होते. मग म्हटलं, कामात असेल.

९ जून
प्रती ग्रुपमधल्या बायकांना वाटल्या. प्रतिसाद उत्तम. छबुबाई म्हणाल्या, कागद चांगला आहे. लिंबागणेशच्या गीताबाईंनी पहिलं पान वाचून विचारलं, “ग्रीस म्हंजे ते गाडीला लावतेत तेच का?” एकीने फोन केला, नाव सांगितलं नाही. आधी पुढचा अंक कधी, ते विचारलं. मग म्हणाली, “मॅडम, हे सखी म्हंजे... तुमी पण तशाच का?” मी म्हणाले, मी संपादिका आहे. तिने फोन ठेवला. मी परत लावला, तर बंद.

१५ जून
घरात फार शांत आहे. लिहायला अत्यंत पोषक. काही लिहिलं नाही.

आईला विचारलं, त्या साड्यांचं काय केलंस? म्हणाली, “एक नेऊन दिली नांदूरघाटला. तिची तिला. तुझी ठिवलीय, लागली तर मागून घे.”

२२ जून
ठरलं. आज नांदूरघाटला जायचं आणि दुकानात, चार बायकांसमोर, सरळ सांगायचं. ही माझी जोडीदार आहे आणि मी तिला न्यायला आले आहे. इत्यादी नाही, सखी नाही. रात्रभर तयारी केली आहे. पूर्ण भाषण पाठ आहे.

२२ जून, संध्याकाळी
केजहून वडापची जीप मिळाली. दाटीवाटी. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, “नांदूरघाटला कुणाकडं जायचं, मॅडम?”

सगळी जीप माझ्याकडे वळली. दोन बाया, एक म्हातारा, कोंबडीची पाटी घेतलेला एक माणूस. कुणी ओळखीचं नाही. दादाला तिकीट देणारं तर कुणीच नाही.

मी म्हणाले, “ब्लाऊज टाकायचाय.”

दुकान छान आहे. पाटीवर तिचं नाव, ठळक. आत तीन-चार बायका. बबिता मोरपंखी साडी नेसली होती. मान वर करून बघितलं. हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, “या ताई, बसा. काय शिवायचंय?”

मला तिने कधी ताई म्हटलेलं नाही.

बायका वाट बघत होत्या. मी म्हणाले, कापड आणलं नाही, पुढच्या खेपेला आणते.

“आणा की,” ती म्हणाली आणि पुढच्या बाईचं माप घ्यायला लागली.

तीच जीप परत निघाली होती. ड्रायव्हरने विचारलं, “झालं का काम?”

झालं म्हणाले.