मशेरीतली कॅप्सूल

रेवदंडा,
बुधवार, ता. ४ डिसेंबर २०२४

चि. सुचितास बाबाचे आशीर्वाद.

घर, होडी, मांजर ठीक. माझं तोंड तेवढं ठीक नाही, आणि त्याला तुझं औषध कारण आहे. तू म्हणालीस, अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल आहेत, हिरड्यांचं रक्त थांबायला मदत होईल. महिना झाला. भाकरी चावली की भाकरी लाल. खालचे दोन दात जिभेने हलतात. हे औषध की फसवणूक?

काल अलिबागला दातांच्या मृणाल मॅडमकडे भांडायलाच गेलो.

"कॅप्सूल रोज घेता, आजोबा?"

"रोज. फोडतो, पूड मशेरीत कालवतो नि घासतो. दुखतं तिथंच लागाया पायजे, न्हाय का?"

बाईंनी कपाळाला हात लावला. बाहेरच्या बाकावरची माणसं हसली. हसायला काय झालं? बोट कापलं तर हळद बोटालाच लावतात, गिळत नाहीत. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण अक्कल गहाण टाकलेली नाही.

मग बाई विचारतात, "होडीचा नांगर गंजला तर काय करता?"

"खरवडतो. मग रंग."

"न खरवडता रंग लावला तर?"

"रंगाचे पापुद्रे सुटतात. आतनं गंज खातोच."

"तसंच आहे. आधी दातांवरचं किटण काढायचं. कॅप्सूल नुसती मदतीला, तीही गिळायची. तिचा गुण किती येईल ते मी छातीठोक सांगणार नाही. पण तंबाखूने हिरड्या सडतात, आणि तुम्ही त्यातच औषध कालवताय! मशेरी सुटली नाही तर हे दोन दात शिमग्याच्या आधी जातील."

माझाच धंदा माझ्यावर उलटवला. याचाच जास्त राग आला.

वर त्यांनी तुला फोन केला, आणि तू माझ्यावर ओरडलीस, "बाबा, दुकानातून चोरून आणता!"

चोरून? मी? जाऊन सदाच्या दुकानात विचार. तुझी आय गेल्यापासून तंबाखूचं एक पान घेतलेलं नाही. घेऊन करू काय? मला भाजता येतं का? ती तव्यावर भाजायला बसली की सगळी आळी खोकायची. "चंद्राबाय, आमाला मारतेस का काय!" म्हणून शेजारची ठमी ओरडायची, आणि दुपारी वाटी घेऊन तीच यायची.

मग मशेरी कुठली, हे तू विचारलं नाहीस. नुसती ओरडलीस.

ती आजारी पडली त्याच्या आदल्या आठवड्यात तिने भाजून ठेवली होती. पावडरच्या जुन्या डब्यात. "दिवाळीपतूर पुरंल," म्हणाली होती. मागची दिवाळी गेली, ही पण गेली, मी पुरवली. चिमूट चिमूट. आणि एक गोष्ट मी मॅडमना सांगितली नाही. कॅप्सूलची पूड कालवली की मशेरी कमी लागते. दुखतं तिथे लागावं म्हणून कालवत होतो हे खरं, पण अर्धंच खरं.

सोमवारी दात साफ करायला बोलावलंय. जातो. उरलेल्या कॅप्सूल कालपासून गिळतो आहे, घशात अडकतात.

डबा अनंताच्या टेम्पोतून तुझ्याकडे पाठवला आहे. माझ्या घरात राहिला तर मी घासणार. तळाला दोन बोटं मशेरी उरली आहे. फेकू नकोस. झाकण सारखं उघडू नकोस, वास जातो.

उद्या सकाळी कोरड्या बोटाने दात घासणारा,
तुझा बाबा
गुणाजी