कड आधी, पोट नंतर

३ फेब्रुवारी, सोमवार

आलं एकदाचं! सहा माणसं, दोन फळ्या आणि शेठांची आरडाओरड, एवढ्यानंतर मशीन टेम्पोतून उतरलं. उतरलं ते सरळ आमच्या खिडकीत जाऊन बसलं. बावीस वर्षं मी आणि वन्संनी त्या उजेडात बुटांना सोल चिकटवले. आता टेबल आत भिंतीकडे सरकवलंय. आयत्या बिळावर नागोबा!

मी त्याचं नाव जावई ठेवलंय. लाडच तसले. धूळ चालत नाही. पंखा वेगळा. वीज कमीजास्त झालेली सोसत नाही म्हणून शेजारी एक पेटी. आमच्या डब्यातलं चिकटवायचं सोल्यूशन नको, त्याचं त्याचं सीलबंद हवं. चालवणाऱ्या बाईला बसायला गुबगुबीत स्टूल आहे, ते तेवढं मला आवडलं. बसवायला आलेला फिटर त्याला अशा अदबीने फडक्याने पुसत होता की मला वाटलं आता पायही चेपतो.

सोल खाली ठेवायचा, बटण दाबायचं. एक नळी कडेकडेने फिरून सोल्यूशन सोडते, मग मधलं पोट भरते. पुढे गरम पेटी, पुढे प्रेस. आम्ही दोघी दिवसभरात करतो तेवढे जोड दोन तासांत.

शेठांनी सरळच सांगितलं. दोन आठवडे बघणार. मशीन जमलं तर हाताचं टेबल बंद. एक बाई मशीनवर, दुसरी खाली पॅकिंगमध्ये, दिवसभर उभं राहून खोकी घडी करायला.

मशीन मला हवंय. इथे लिहायला कसली लाज!

४ फेब्रुवारी, मंगळवार

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आमच्याच घरात राहतात, माझ्याच टेबलावर बसतात. त्यांनीच मला इथे आणलं आणि ब्रश हातात दिला. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "कड आधी, पोट नंतर. बूट उघडतो तो कडेनेच." एवढंच शिकवणं. बाकीचं मी माझं शिकले.

त्या डावखुऱ्या, मी उजवी. म्हणून टेबलाच्या दोन टोकांना बसतो, नाहीतर कोपराला कोपर लागतं. सोल्यूशन वाळलं की ब्रशचे फटकारे उमटलेले दिसतात. माझे उजवीकडे झुकलेले, त्यांचे डावीकडे. चिकटवलेला सोल उघडला तर कोणीही सांगेल कोणाचं काम.

आता हळू झाल्यात पण. माझे चाळीस जोड होतात तेव्हा त्यांचे तीस. मी काही बोलत नाही. वय झालं की व्हायचंच. (वय माझ्याहून फक्त पाच वर्षांनी जास्त!)

तरी गुडघे दुखतात त्यांचे. पॅकिंगमध्ये उभं राहायचं म्हणजे... असो. शेठ ठरवतील ते खरं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जावयाने आज तमाशा केला. फिटरने आठ नंबरचं माप लावलं आणि बाईसाहेबांनी — म्हणजे शेठांच्या मिसेसनी, त्यांना उद्घाटन करायचं होतं — सहा नंबरचा सोल ठेवला. नळी आपली आठ नंबरच्याच वाटेने फिरली! सोल्यूशन सोलच्या बाहेर, पट्ट्यावर, बाईसाहेबांच्या बांगड्यांवर. फिटर म्हणाला, मशीन सांगितलं तेच करतं. मी म्हटलं, मग आमच्या ह्यांच्यापेक्षा बरं. सगळे हसले. वन्संसुद्धा हसल्या, भाऊ आहे तरी.

चार वाजता चहाची घंटा झाली. वन्सं उठल्या नाहीत. दर सुट्टीत रोजचंच वाक्य आहे, "तू हो पुढे, एवढा जोड होऊ दे." मागे पडलेलं भरून काढतात बिचाऱ्या. मी माझे जोड रॅकवर वाळत ठेवून जाते. अर्ध्या तासाने येऊन बोटाची पाठ लावून बघायची. चिकटत नाही पण ओढते, म्हणजे सोल तयार. तो मग वरच्या भागावर बसवायचा.

आज पोट वाळलेलं, कड मात्र ओली. हल्ली रोज असंच होतंय. हवा दमट असावी. नाहीतर कडेला माझा हातच सढळ पडत असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हे परत चष्म्याचं बोलले. मी पेपर लांब धरून वाचते म्हणे. पेपरच लांबड लावतात त्याला मी काय करू! वन्सं भाजी निवडत बसल्या होत्या, मूग गिळून. त्यांच्याकडे बघून ह्यांना जरा चढ्या आवाजातच सांगितलं, ज्या बाईचा एक जोड वर्षभरात परत आला नाही तिला चष्मा लागतो कशाला? विषय संपला.

खरंच आहे ते. गेल्या वर्षी सहा जोड परत आले होते माझे, टाचेकडे आ वासलेले. शेठ म्हणाले होते, आणखी एक आला तर टेबलावरून उठायचं. त्यानंतर एक नाही! माणसाने मनावर घेतलं की होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शेठांनी फैसला कसा करायचा ते जाहीर केलं. गेल्या आठवड्यातले दहा जोड माझे, दहा वन्संचे, दहा जावयाचे. पकडीने सोल धरायचा, काट्याला लावायचा आणि ओढायचा. ठरलेल्या वजनाला ज्याची कड उघडेल तो नापास. आमच्या दोघींत जिचे जास्त टिकतील तिला मशीन.

आम्ही बुटाच्या आत पेन्सिलने खूण करतोच. माझी फुली, वन्संचा गोल. त्यामुळे भांडणाला जागा नाही.

घोडामैदान जवळच आहे!

१२ फेब्रुवारी, बुधवार

वन्संना म्हटलं, तुम्हाला वाईट नाही ना वाटणार? म्हणाल्या, कशाचं? मी म्हटलं, कशाचं काही नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दहापैकी दहा!!

सगळं खातं जमलं होतं. पॅकिंगमधल्या बायकाही वर आल्या. आधी जावई. त्याचे सात टिकले, तीन उघडले. गर्वाचं घर खाली, मग तो मशीनचा का असेना! फिटरचा चेहरा उतरला. म्हणाला, गरम पेटी अजून नीट बसलेली नाही.

मग वन्संचे. आठ. दोन जोडांची चवड्याकडची कड उघडली. शेठ म्हणाले, "मोठ्या बाई, घाई केलीत का?" वन्सं म्हणाल्या, "झाली थोडी."

मग माझे. पहिला ओढला, ढिम्म! दुसरा, ढिम्म! सातव्याला फिटरने खांदा लावून जोर केला तेव्हा पकड सटकली आणि तो स्वतःच मागच्या डब्यांवर बसला. सोल जागच्या जागी. पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी उगाच नम्र चेहरा करून उभी होते, जमत नव्हता.

मग फिटरने माझे सगळे जोड गरम पेटीत घालून उघडले. आत काय आहे ते त्याला शेठांना दाखवायचं होतं. म्हणाला, कडेला सोल्यूशनचा जाड थर आहे, एवढी नासाडी मशीन करणार नाही. मी म्हटलं, नासाडी नाही, हात सढळ आहे. शेठ काट्याकडेच बघत होते. त्यांना टिकल्याशी मतलब.

मशीन ठेवणारच आहेत, पेटी नीट करून. आणि त्यावर मी! एकवीस तारखेपासून. वन्सं सोमवारपासून पॅकिंगला.

माझा एक उघडलेला जोड मी मागून घेतला. घरी फळीवर ठेवलाय, समईशेजारी. बघू देत लोकांना.

येताना वन्सं माझ्यासोबतच चालत होत्या. मला वाटलं रागावल्या असतील. तसं काही दिसलं नाही. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाल्या, "बरं झालं तुला मिळालं. ते मशीन कड सोडत नाही, वहिनी."

मशीनचं एवढं कौतुक! मी म्हटलं, तीन सोडल्या की आज. त्या हसल्या नुसत्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फजिती. फिटर शिकवायला बसला. स्टूल खरंच गुबगुबीत आहे. समोर छोटी काच, त्यात आकडे. वरचे सेकंद, खालचं तापमान. "वाचा बरं," म्हणाला. मला काचेत तांबड्या मुंग्या दिसत होत्या. अंदाजाने ठोकून दिलं, साठ डिग्री. तो म्हणाला, "बाई, अठरा आहे. आणि ते तापमान नाही, सेकंद आहेत."

साठ सेकंद ठेवला तर सोल जळाला असता. मी म्हटलं, ऊन येतंय काचेवर. तो उठून खिडकीचा पडदा लावून आला. तरी मुंग्याच.

भला माणूस आहे, हसला नाही. पण जाताना चष्मेवाल्याचा पत्ता देऊन गेला.

संध्याकाळी वन्सं आल्या त्या कठड्याला धरून जिना चढल्या. रात्री गरम पाण्याची पिशवी मागितली नाही, स्वतःच भरून घेतली. मला बघवेना. पण मी काय त्यांचं हिसकावून घेतलंय? ओढूनच बघितलंय सगळ्यांसमोर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गेले चष्मेवाल्याकडे. ह्यांना सांगितलं, मशीनवर बसायचं तर चष्मा लागतो, नियमच आहे म्हणून. चष्मेवाला म्हणाला, किती वर्षं अशाच वावरताय? मी म्हटलं, मला कुठे काय अडलं!

तो म्हणाला, जवळच्या वस्तूची कड तुम्हाला दिसतच नसणार. डोक्याला फार ताप देतात ही माणसं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चष्मा आला. अगंबाई! जगात केवढी धूळ आहे! ओट्याच्या फटीत, पंख्यावर, ह्यांच्या कानात. आरशात बघितलं आणि लगेच बाजूला झाले. ह्यांच्याकडे बघून म्हटलं, तुम्ही कधी इतके म्हातारे झालात? ते म्हणाले, तू बघत नव्हतीस तेव्हा.

पेपर मांडीवर ठेवून वाचला. जाहिरातींसकट.

उद्यापासून मशीन. फळीवरचा माझा जोड पुसावा म्हणून खाली काढला. जरा उजेडात नेऊन बघितला. परत बघितला.

वन्सं आत झोपल्या आहेत. उठवावं असं वाटलं, उठवलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळ्यांच्या आधी जाऊन भंगाराच्या पोत्यातून बाकीचे नऊ जोड काढले. दहाही तसेच. माझे फटकारे कडेच्या बोटभर अलीकडे थांबलेले. आणि मी सोडलेल्या त्या कडेवर, चवड्यापासून टाचेपर्यंत, बारीक बारीक फटकारे. सगळे डावीकडे झुकलेले.

वन्सं खाली खोकी घडी करत होत्या. विचारलं, कधीपासून?

"ते सहा जोड परत आले तेव्हापासून," म्हणाल्या. "तू चहाला जायचीस ना."

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. शेठांकडे जाऊन दहाही जोड टेबलावर मांडले आणि सगळं सांगितलं. ते आधी चिडले, मग बराच वेळ सोल उलटसुलट करून बघत राहिले.

आज मशीनवर वन्सं बसल्या. खोकी मी घडी केली. चष्म्याने खोक्यावरचे नंबर छान दिसतात.

चारची घंटा झाल्यावर दोन कप घेऊन वर गेले. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तू हो पुढे, एवढा जोड होऊ दे." मी नाही गेले. कप धरून तिथेच उभी राहिले, जोड होईपर्यंत.