सात काजांचा निळा ड्रेस

९ मार्च, दुपार

ठमे,

आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खोकला गेला, डोळे तसेच. उजेड कळतो, माणूस आवाजावरून ओळखते. तुझी खुशाली तुझ्या पत्रात होतीच.

फोनच करणार होते. पण माझा आवाज चढला की लगेच तुझी रेंज जाते. पत्राची जात नाही. तेव्हा गुपचूप बस आणि वाच.

तू विचारलंस, ती कपडे भाड्याने देणारी कंपनी आहे ना, तिची वर्गणी आणखी वर्षभर भरू का, परवडते का. "ताई, तू शिंपीण, तुला कपड्यातलं कळतं." कळतं बाई, वीस वर्षं दुसरं केलंय काय! तुला ऑफिसात रोज नवं दिसायचं असेल, धुणं-इस्त्री नको असेल, तर खुशाल भर. महिन्याला चार येतात, चार परत जातात, त्यातला एखादा तू पिशवीतून काढतही नाहीस, हे तूच लिहिलंयस. वरून कपडा काखेत दाटला तरी तू उसवून घेणार नाहीस, कारण तो तुझा नाहीच. हे झालं शिंपिणीचं मत.

आता बहिणीचं ऐक. त्याच पत्रात शेवटी लिहिलंस, "आईला सांग, तिच्या काजांचा निळा ड्रेस मी सारखी घालते." मी आईला ते वाचून दाखवलं. काय खूश झाली म्हणून सांगू! दोन दिवस मला तेच पुन्हा पुन्हा वाचायला लावलं.

दृष्टी पुरती जायच्या आधीचं तिचं ते शेवटचं काम. ड्रेस मी शिवला, पाठीवरची सात काजं तिने केली, भिंग धरून, एकेका काजाला एक दुपार. मी म्हटलं, मशीनवर मारते, तर माझ्यावरच उखडली. "तिच्या बढतीचा ड्रेस आहे, मशीन कशाला?"

तुझं पत्र आल्यावर आठवड्याने पलीकडची दातांची डॉक्टरीण दुकानात आली. म्हणाली, "खालून दोन बोटं वर घ्या, पण कच्चा टाका घाला हं, भाड्याचा आहे, सोमवारी परत जायचाय." आणि निळा ड्रेस टेबलावर टाकला. मी उलटा केला. अस्तर माझं. कमरेला आत दाबून ठेवलेलं तीन बोटं कापड माझं, तू सुटतेस म्हणून ठेवलेलं. पाठीवर सात काजं. आणि माझ्या शिवणीवर कंपनीच्या नंबराची पट्टी, तीही वाकडी शिवलेली. दातांच्या डॉक्टरिणीसमोर माझीच दातखीळ बसली.

मग हा घोळ कुणाचा ते लक्षात आलं. तूच मागे हसत सांगितलं होतंस ना, की कंपनीवाले वेंधळे आहेत, एक निळा ड्रेस तुझ्याकडेच राहिला आणि त्यांनी मागितलाही नाही, फुकटात पडला? अगं, फुकटात कसला! त्यांनी चार कपडे मोजले, त्यांना चार मिळाले. त्यांचा तू ठेवलास आणि आपला पिशवीत कोंबून पाठवलास. ऊठ, कपाट उघड आणि त्या निळ्या ड्रेसची पाठीकडची बाजू बघ. तिथे चेन असेल.

आधी वाटलं, आपला ड्रेस गेल्याचं तुला माहीत असून खोटं बोललीस. मग कळलं, तुला पत्ताच नाही. तू तो वर्षभर घालायला काढलाच नाहीस, म्हणून कपाटात नाही हेही तुला कळलं नाही. यातलं कशाने जास्त चिडू, तेवढं सांग.

मी टाका घातला आणि ड्रेस परत दिला. हो, दिला! गिऱ्हाइकाच्या हातातून हिसकावू का? कंपनीला फोन केला. तिथली पोरगी गोड आवाजात म्हणते, "मॅडम, आमचा नंबर असलेला कपडा आमचाच असतो. तुमच्याकडे काही पुरावा?" पुरावा म्हणून आईची बोटं पाठवू का, असं तोंडावर आलं होतं.

शेवटी मी वर्गणी भरली. हस. तुला शहाणपण शिकवणाऱ्या तुझ्या ताईने फॉर्म भरला, माप लिहिलं आणि आपल्याच ड्रेससाठी दोन बायकांच्या मागे नंबर लावला. शुक्रवारी तो आला.

इथवर मी तुझ्यावर ओरडले, कारण पुढचं लिहायला हात धजत नव्हता. पिशवी उघडली तेव्हा आई शेजारीच होती. तिने ड्रेस मांडीवर घेतला आणि एकेक काज चाचपत गेली. पाचव्यावर थांबली. ते कुठेतरी फाटलं असणार, कंपनीने मशीनवर मारलंय. "हे माझं नाही," म्हणाली. "तिने कुणाकडून करून घेतलं? आणि इथे कसा हा?"

मला सांभाळून घेता आलं असतं. दुरुस्तीला पाठवलाय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझं डोकं फिरलेलं. बोलून गेले, "तिने एकदाही घातला नाही, आई. तो भाड्याने फिरतोय." राग तुझा होता, बोलले तिला. ते मला आता मागे घेता येत नाही.

ती रडली बिडली नाही. सुई मागितली. तीन दिवस ते पाचवं काज उसवून हाताने पुन्हा करतेय. दिसत काही नाही, बोटांना सुई टोचते, मी ओवून देते तेवढंच. मदत करू म्हटलं तर हात झटकते.

ड्रेस गुरुवारी परत जायला हवा. जाणार नाही. काय दंड घ्यायचाय तो घेऊ देत.

तू रविवारी ये. आई तुला तो घालायला लावेल आणि पाठीवरून हात फिरवून एकच विचारेल, "कधीच का नाही घातलास गं?" या वेळी तुझ्या वतीने मी तोंड उघडणार नाही.

तुझी,
रागावलेलीच,
ताई